तुरटीचा खडा

मृगाचे चार पाऊस झाले की आमच्या विहिरीचं पाणी लाल व्हायचं. जांभ्याची माती, दुसरं काय होणार? कणकवलीच्या आसपास ज्यांचं बालपण गेलं त्यांना हा रंग सांगायला नको. मग आई फळीवरच्या डब्यातून तुरटीचा खडा काढायची आणि हंड्यात हात घालून तो गोल गोल फिरवायची. रात्रभर हंडा झाकून ठेवायचा. सकाळी गाळ तळाशी आणि वर काचेसारखं पाणी. "निवाळला पाणी, आता भरा," असं ती म्हणाली की आम्ही भावंडं तांबे घेऊन धावायचो.

मशिदीत वजू करायला शिकवताना मौलवीसाहेबांनी पाण्याची परीक्षा सांगितली होती. रंग, वास आणि चव. तिन्ही बिघडलेलं नसेल तर पाणी पाक. आईची परीक्षा डोळ्यांची, मौलवीसाहेबांची डोळे, नाक आणि जिभेची. या दोन परीक्षांवर माझी चाळीसएक वर्षं सुखात गेली. मी बी.ए. झालेला माणूस. कविता लिहितो. रसायनशास्त्राशी माझा संबंध दहावीच्या पेपरापाशी संपला होता. तो पुन्हा जुळला २०१३ साली, माझ्या थोरल्या भावाच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या तेव्हा.

सुरुवातीला त्याला आठवड्यातून दोनदा घाट चढून कोल्हापूरला न्यावं लागे. पहाटे चारला निघायचं आणि रात्री परतायचं. पुढे आपल्या जिल्ह्यातच सोय झाली आणि हा वनवास संपला. त्या मशीनशेजारी स्टुलावर बसून मी सहा वर्षं काढली. बसल्या बसल्या माणूस प्रश्न विचारतो. मला पडलेला पहिला प्रश्न असा होता, की भावाला दिवसाला लिटरभरापेक्षा जास्त पाणी प्यायला डॉक्टरांनी मनाई केली आहे, घोट मोजून द्यावा लागतो, आणि इथे मशीनमागच्या नळीतून तर पाणी सारखं वाहतंय. हे जातं कुठे?

तिथल्या तंत्रज्ञ मुलानं हिशेब समजावला. मिनिटाला अर्धा लिटर द्रव मशीनमधल्या गाळणीतून जातो. त्या गाळणीत केसासारख्या बारीक नळ्यांमधून रक्त वाहतं आणि नळ्यांच्या बाहेरून हा द्रव. चार तासांत एकशे वीस लिटर. आठवड्यातून दोनदा म्हणजे दोनशे चाळीस. तुम्ही आम्ही आठवड्याला फार तर चौदा-पंधरा लिटर पाणी पितो. तेही पोटात जातं, आतडी पारखून घेतात आणि नको ते किडनी बाहेर टाकते. भावाच्या बाबतीत आतड्यांची चौकी नव्हती आणि किडनीही नव्हती. त्याचं रक्त आणि ते दोनशे चाळीस लिटर यांच्यामध्ये फक्त एक पातळ पडदा होता. रक्तातली घाण त्या पडद्यातून पाण्यात जाते. तसंच पाण्यात काही वावगं असेल तर ते त्याच पडद्यातून रक्तात येतं. पडद्याला आपलं-परकं कळत नाही.

आणि हा द्रव कुठून बाटलीबंद येत नाही. तो तिथेच बनतो. गावाच्या नळाचं, विहिरीचं किंवा बोअरचं पाणी शुद्ध करायचं, त्यात क्षारांचे दोन द्राव ठरलेल्या प्रमाणात मिसळायचे की झाला द्रव तयार. म्हणजे आमच्या लाल विहिरीचं नातं थेट भावाच्या रक्ताशी होतं. हे कळलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

नाशिकला डॉक्टरी शिकणारा माझा भाचा सुटीत आला की मी त्याला छळायचो. तो इंग्रजी लेख वाचायचा, मला मराठीत सांगायचा आणि मी वहीत उतरवायचो. अशी तीन वह्यांभर गोष्ट जमली. त्यातली थोडी आज सांगतो.

गोष्ट सुरू होते हॉलंडमधल्या कांपेन नावाच्या लहानशा गावात, १९४३ साली. देश जर्मनांच्या ताब्यात होता. विलेम कोल्फ हा तरुण डॉक्टर सॉसेज भरायला वापरतात तशी सेलोफेनची नळी मिळवतो, ती लाकडी पट्ट्यांच्या पिंपाभोवती गुंडाळतो आणि ते पिंप मिठाच्या पाण्याच्या टबात फिरवत ठेवतो. नळीत रोग्याचं रक्त आणि टबात पाणी. पहिले बहुतेक रोगी दगावले. सप्टेंबर १९४५ मध्ये एक सदुसष्ट वर्षांची बाई शुद्धीवर आली आणि पुढे काही वर्षं जगली. ती जर्मनांना साथ दिल्याबद्दल तुरुंगात असलेली होती. तिला कशाला वाचवता, असं गावातल्या लोकांना वाटलं असेल तर नवल नाही. कोल्फनं वाचवलं. डॉक्टरकीचा हा धडा मला त्या यंत्राइतकाच मोठा वाटतो.

पण माझं लक्ष होतं टबाकडे. सगळे पिंपाबद्दल बोलतात, टबातल्या पाण्याबद्दल कुणी बोलत नाही. पुढेही तेच झालं. १९६० साली अमेरिकेत सिअॅटल इथे बेल्डिंग स्क्रिबनर यांनी हातात कायमची बसवता येईल अशी टेफ्लॉनची नळी आणली आणि वर्षानुवर्षं डायलिसिस करणं शक्य झालं. त्यांचा क्लाइड शील्ड्स हा रोगी त्यानंतर अकरा वर्षं जगला. आपल्या देशात वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात त्याच दशकाच्या आरंभी हे उपचार सुरू झाले. जोवर रोगी चार-आठ वेळाच मशीनला लागत होता तोवर पाण्यातल्या बारीकसारीक दोषांचा हिशेब कुणी मागितला नाही. वर्षाला पंधरा-वीस हजार लिटर पाणी एकाच माणसाच्या रक्ताशेजारून जाऊ लागलं, तेव्हा पाण्यानं आपलं खरं रूप दाखवलं.

१९६७ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी लिहिलं, की पाणी मऊ करणारं यंत्र बिघडलं आणि जड पाणी तसंच मशीनला गेलं तर रोग्यांना उलट्या होतात, अंग गळून जातं, रक्तदाब चढतो. पाण्यातला चुना आणि मॅग्नेशियम रक्तात उतरत होतं. हे निदान लगेच कळणारं आणि दुरुस्त होणारं होतं. त्यानंतर जे आलं ते कळायलाच कित्येक वर्षं गेली.

१९७० नंतर डेन्व्हर शहरातल्या डॉक्टरांना काही जुने रोगी विचित्र वागताना दिसू लागले. पाहा, त्यांचं सगळ्यात आधी काय गेलं? बोलणं. शब्द अडखळू लागले, वाक्य अर्ध्यावर तुटू लागलं. मग हातपाय झटके देऊ लागले, फिट येऊ लागल्या, ओळख पुसली गेली आणि काही महिन्यांत माणूस गेला. आल्फ्री या डॉक्टरांनी १९७६ मध्ये दाखवून दिलं, की या रोग्यांच्या मेंदूत अॅल्युमिनियम साठलं होतं. इंग्लंडमध्ये न्यूकॅसलकडे अशाच रोग्यांची हाडं मऊ होऊन आपोआप मोडत होती. तिथेही अॅल्युमिनियमच. ते काही अंशी रोग्यांना दिल्या जाणाऱ्या गोळ्यांतून येत होतं, पण मोठा वाटा पाण्याचा होता. आणि पाण्यात ते आलं कुठून? नदीचं गढूळ पाणी निवळावं म्हणून शहरोशहरीचे पाणीपुरवठेवाले त्यात तुरटी टाकत होते.

भाच्यानं हे वाचून दाखवलं तेव्हा मी त्याला थांबवलं. "परत वाच," म्हटलं. तुरटी म्हणजे अॅल्युमिनियमचाच क्षार, हे मला वयाच्या पंचेचाळिशीत कळलं. आईच्या हातातला खडा डोळ्यांसमोर आला. आईचं काही चुकलं नव्हतं, हेही लगेच सांगतो. धडधाकट माणसाच्या पोटात गेलेली चिमूटभर तुरटी आतड्यातून फारशी पुढे जात नाही आणि गेली तर किडनी ती बाहेर काढते. त्या खड्यानं आमच्या गावातल्या किती पोरांना हगवणीपासून वाचवलं असेल त्याला मोजदाद नाही. पण ज्याच्या किडन्या गेल्या त्याला हे पाणी जसंच्या तसं चालत नाही. मशीनच्या पाण्यात लिटरला मिलिग्रॅमचा शंभरावा भाग, एवढंच अॅल्युमिनियम चालतं. आमच्या हंड्यातल्या काचेसारख्या पाण्यात त्याहून जास्त असणं सहज शक्य होतं.

त्यानंतरचे कित्येक महिने मी भावाचं बोलणं ऐकत नव्हतो, तपासत होतो. तो एखादा शब्द आठवायला थांबला की माझ्या पोटात गोळा यायचा. एकदा त्याला शेजारच्या वाडीतल्या माणसाचं नाव आठवेना. मी एकटक बघत राहिलो. तो म्हणाला, "काय रे, माझी परीक्षा घेतंस?" मी हसून वेळ मारून नेली. नाव त्याला संध्याकाळी आठवलं, आणि त्या माणसाकडे आमचे अडीचशे रुपये बाकी आहेत हेही.

अॅल्युमिनियमवर तोड निघाली. पाणी दाबाने अतिशय बारीक पडद्यातून नेणारं, आपण ज्याला घरोघरी आरओ म्हणतो, ते यंत्र डायलिसिसच्या खोल्यांमागे बसलं. त्याआधी वाळूची गाळणी, मऊ करणारी टाकी, कोळशाची टाकी. पण यंत्र बसलं म्हणजे काम संपलं असं समजणाऱ्यांसाठी १९९६ हे वर्ष आहे. कुरासाव हे कॅरिबियन समुद्रातलं डच बेट. तिथे डायलिसिस केंद्राला पाणी आणणारी नवी नळवाहिनी टाकली, आतून सिमेंटचा लेप असलेली. सिमेंटमधलं अॅल्युमिनियम पाण्यात उतरलं आणि दहा रोगी मेले. कोल्फच्याच देशाच्या छत्राखालच्या बेटावर, त्यानं पिंप फिरवल्यानंतर अर्ध्या शतकानं.

त्याच वर्षीची दुसरी हकीगत ब्राझीलची. कारुआरू नावाचं ईशान्येकडचं शहर, कोरडा मुलूख. डायलिसिस केंद्राला पाणी टँकरनं येत होतं. तलावात हिरवट-निळं शेवाळ माजलेलं होतं आणि टँकर पाणी नीट शुद्ध न करताच भरून येत होते. फेब्रुवारी महिन्यात १३१ पैकी ११६ रोग्यांना अंधुक दिसू लागलं, उलट्या सुरू झाल्या. शंभर जणांची यकृतं निकामी झाली. निदान पन्नास माणसं त्या विषानं गेली. शेवाळ मेल्यावर त्यातून सुटणारं ते विष, उकळूनही जात नाही. दुष्काळातला तलाव, टँकर, घाईत असलेला ड्रायव्हर. हे चित्र महाराष्ट्रात कुणाला अनोळखी आहे?

आपल्याकडे याच जातीची, म्हणजे द्रवावर विश्वास ठेवून माणसं दगावल्याची, एक नोंद आहे ती मुंबईच्या जे. जे. रुग्णालयाची. डायलिसिसच्या पाण्याची नव्हे, पण किडन्या तिथेही गेल्या. १९८६ च्या जानेवारी-फेब्रुवारीत तिथे ग्लिसरीन दिलेल्या रोग्यांची लघवी बंद होऊ लागली. मेंदूवरचा किंवा डोळ्यातला दाब कमी करायला ग्लिसरीन पाजतात, जुना आणि साधा उपचार. पण पुरवठादाराकडून आलं होतं ते कारखान्यात वापरायचं ग्लिसरीन आणि त्यात डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेलं होतं. चौदा माणसं मेली. माझा भाऊ तेव्हा डोंगरीत, म्हणजे त्या रुग्णालयापासून चालत जाण्याच्या अंतरावर, सहा कोकणी पोरांबरोबर एका खोलीत राहून गोदीत काम करत होता. खोलीतल्या कुणाला ताप आला की जे. जे.च. त्या दिवसांत त्यानं आईला पत्र लिहिलं होतं, की सरकारी दवाखान्याचं औषध नको, घरचा काढा पाठव. आम्ही तेव्हा हसलो होतो.

न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगानं चौकशी केली. अहवाल १९८७ मध्ये आला. खरेदी कशी झाली, तपासणी कशी झाली नाही, कुणी कुणाला सांभाळून घेतलं, हे त्यांनी भीड न ठेवता लिहिलं. आरोग्यमंत्री भाई सावंत यांना पायउतार व्हावं लागलं. मला त्या अहवालाचं मोल वाटतं ते अशासाठी, की 'दुर्दैवी घटना' या शब्दामागे लपायला त्यानं कुणाला जागा ठेवली नाही. तरी ते विष काही हद्दपार झालं नाही. अमेरिकेत १९३७ साली त्यानं शंभरावर बळी घेतले होते. आपल्या देशात २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याकडची वीसहून अधिक लहान मुलं खोकल्याच्या औषधातल्या याच विषानं गेली. त्यातली कित्येक नागपूरच्या दवाखान्यांत आणली होती, किडन्या बंद पडलेल्या अवस्थेत. हे विष रंगहीन असतं, त्याला वास नसतो, आणि चव असते ती गोडसर. मौलवीसाहेबांच्या परीक्षेत ते पास झालं असतं.

आता माझ्या डोळ्यांदेखत घडलेल्या दोन गोष्टी. जागांची नावं घेत नाही.

पहिली सुरुवातीच्या काळातली. एका केंद्रात भावाला मशीन लावून तासभर झाला असेल. त्याला हुडहुडी भरली. दात वाजू लागले. दोन ब्लँकेटं घातली तरी थांबेना. शेजारच्या खाटेवरच्या गृहस्थांचंही तेच. पलीकडच्या बाईंचंही. तिघं एकदम थरथरत होते. "हवा बदलली आहे ना, होतं असं," असं आम्हाला सांगण्यात आलं. मी मान डोलावली. बाहेर मे महिन्याचं ऊन होतं. मशीनजवळ एक निळा कॅन होता. सकाळी एका मदतनीसानं कालच्या उरलेल्या द्रवातच नवी पावडर आणि पाणी ओतून तो भरताना मी पाहिला होता. तेव्हा त्याचा अर्थ कळला नाही. आज कळतो. मशीनला जे दोन द्राव लागतात त्यांतला एक खाण्याच्या सोड्याचा. दोन वेगळे ठेवावे लागतात, कारण एकत्र ठेवले तर चुना साका होऊन तळाशी बसतो. आम्लाच्या द्रावात जंतू टिकत नाहीत, पण सोड्याच्या द्रावात ते मजेत वाढतात. म्हणून तो ताजा करायचा, त्याच दिवशी संपवायचा, उरलेला ओतून द्यायचा आणि कॅन धुऊन कोरडा करायचा. जंतू स्वतः पडदा ओलांडत नाहीत, पण मेलेल्या जंतूंचे तुकडे ओलांडतात आणि थंडीताप आणतात. त्या दिवशी तेच घडलं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण हवा बदलली नव्हती, हे नक्की.

दुसरी गोष्ट आपल्या जिल्ह्यातली, जुलैमधली. आम्ही सकाळी सातला पोचलो तर मशीनं बंद. पहिल्या पाळीचे सगळे रोगी बाहेर बाकावर. देवगडकडच्या एक बाई पहिल्या एसटीनं आलेल्या, पाय सुजलेले, धाप लागलेली. भावाचाही चेहरा फुगला होता, कारण आदल्या वेळी तो आलाच नव्हता, रस्त्यावर दरड पडली होती. आठ वाजले, साडेआठ वाजले. मी आत गेलो आणि तंत्रज्ञ मुलावर आवाज चढवला. कवी असलो तरी शिव्या येतात मला. तो पोरगा, असेल पंचविशीचा, हातातली कागदाची पट्टी दाखवून म्हणाला, "काका, गाळी घालूच्या तर घाला, पण मशीन मी लावचंय नाय."

पट्टीवर रंग उमटला होता. पावसात साथ येऊ नये म्हणून पाण्यात टीसीएल पावडर टाकतात, ते योग्यच. त्या आठवड्यात जरा जास्त पडली होती. कोळशाच्या टाकीनं हा क्लोरीन शोषायचा, पण तिची ताकद संपत आली होती. क्लोरीन आणि पाण्यातल्या घाणीतला अमोनिया मिळून जे रसायन बनतं ते रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतं. १९८७ मध्ये अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात एका केंद्रातल्या शंभरावर रोग्यांच्या रक्तात ते असंच गेलं होतं. माझ्या आवाजाला घाबरून त्या मुलानं मशीन लावलं असतं तर पाणी दिसायला स्वच्छच होतं. कुणाला काही कळलं नसतं.

कणकवलीत हे मला विशेष लागतं, कारण आमच्या गावानं आप्पासाहेब पटवर्धन पाहिले आहेत. गोपुरी आश्रम काढणारे, कोकणचे गांधी. उच्चवर्णीय, शिकलेला माणूस, पण त्यांनी आयुष्य घातलं संडास साफ करण्यात आणि चांगले संडास बांधण्यात. स्वच्छता हे कुणाच्या जातीवर ढकलून देण्याचं काम नाही, रोज हातांनी करण्याचं काम आहे, हे त्यांनी करून दाखवलं. आपल्याकडे मशीनचं उद्घाटन होतं, फीत कापली जाते, फोटो येतो. २०१६ मध्ये राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर झाल्यापासून जिल्ह्याजिल्ह्यांत मशीनं आली, गरिबांची फार मोठी सोय झाली, यात शंका नाही. पण मागच्या खोलीतल्या कोळशाच्या टाकीचं उद्घाटन कुणी करत नाही. ती बदलण्याची तारीख कुणाच्या भाषणात येत नाही. कॅन धुणाऱ्याला आपण नावानं ओळखत नाही.

भाऊ २०१९ मध्ये गेला. हृदयाचा झटका, घरी, झोपेत. शेवटपर्यंत बोलणं खणखणीत होतं.

चाळिसावा झाल्यावर मी त्या केंद्रात गेलो, उरलेली औषधं कुणाच्या उपयोगी पडतील म्हणून द्यायला. तो मुलगा तिथेच होता. चहा मागवला त्यानं. मी म्हटलं, त्या जुलैतल्या दिवसाची नोंद असेल का तुझ्याकडे? त्यानं कपाटातून जुनी वही काढली. पानामागून पान, रोज प्रत्येक पाळीला एक ओळ, सगळीकडे 'क्लोरीन नाही, क्लोरीन नाही', आणि सही. मग ते पान आलं. 'पहिली पाळी. क्लोरीन आढळला. काम थांबवले. डॉक्टरांना कळवले. ११.४० ला पुन्हा तपासले. नाही. सुरू केले.' खाली सही, आणि समासात पेन्सिलनं बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'नातेवाईक रागावले.'